कीर्ती कुठं काम करते

गाडी खानावळीच्या मागच्या अंगणात लावून धम्मपालनं इंजिन बंद केलं, पण तो उतरला नाही. आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी उर्जा आधीच रस्त्यावर उतरून पलीकडच्या तळ्याकडे गेली होती. शेजारच्या सीटवर धाकटा भाऊ केतन पट्टा सोडून तसाच बसून राहिला. डार्मश्टाटच्या विद्यापीठातलं पीएचडीचं काम टाकून तो सकाळच्या पहिल्या गाडीनं एर्लांगेनला आला होता, तो फक्त या जेवणासाठी.

"दादा, तू सांगतोस की मी सांगू?"

"जेवण तर होऊ दे."

"जेवण झालं की वहिनी स्वतःच बाहेर येणार आहे. काल फोनवर म्हणाली मला. कोट घालून सरळ टेबलापाशी येते म्हणाली."

"कोट पांढराच आहे तिचा," धम्मपाल म्हणाला. "तेवढं तरी मी खोटं बोललो नव्हतो."

केतनला हसू आलं नाही.

चार वर्षांपूर्वी भंडाऱ्याहून बाबांचा फोन आला होता. "सूनबाईला नोकरी लागली का?" कीर्ती नागपूर विद्यापीठाची एम.एस्सी., रसायनशास्त्रात पहिला वर्ग. जर्मनीत आल्यापासून तिनं दीडशेच्या आसपास अर्ज केले होते आणि तितकीच अतिशय नम्र नकारपत्रं ओळीनं फाइलला लावली होती. बाबांचा फोन आला त्याच आठवड्यात तिला खरोखर काम मिळालं होतं: वाइहरडोर्फ नावाच्या या खेड्यातल्या याच गास्टहोफमध्ये, म्हणजे खानावळीत, बटाटे सोलायचं. धम्मपालनं फोनवर "हो, लागली" म्हटलं. "कुठं?" असं विचारल्यावर त्याच्या तोंडून "लॅबमध्ये" निघून गेलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांचा आवाज असा काही उजळला की ते मागे घ्यायची त्याला पुन्हा हिंमतच झाली नाही.

आता आई-बाबा पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी आले होते. तीन आठवडे झाले होते. कीर्ती रोज साडेनऊला घरातून निघायची, 'लॅबची शिफ्ट' संपवून यायची. तळणाचा वास केसांना राहू नये म्हणून गास्टहोफच्या वरच्या मजल्यावर न्हाऊन यायची. काल ती ओले केस पुसत खोलीत आली आणि दार लावून म्हणाली, "धम्मा, फ्राऊ रीडल डिसेंबरला काम थांबवताहेत. गास्टहोफ मला चालवायला देताहेत. या आठवड्यात त्यांना उत्तर हवंय. पण इथं खोटं अन् तिथं सही, असं मला जमणार नाही. उद्या सगळ्यांना तिथं जेवायला आण."

एरवी आई-बाबांसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची. दोघंच असले की धम्मा. काल तिनं धम्मा म्हटलं, पण त्यात लाड नव्हता.

"चल," केतन दार उघडत म्हणाला. "बाबा तळ्यात उतरायच्या आत."

बाबा, म्हणजे रामदास, खरंच तळ्याच्या काठावर अगदी पुढे जाऊन उभे होते. ऑक्टोबरात इथली तळी उपसून कार्प मासे काढतात. पाणी ओसरलं होतं, आणि रबरी विजारी घातलेली पाच-सहा माणसं चिखलात उभी राहून जाळं ओढत होती. मासे जाळ्यात उसळत होते, चिखल उडत होता.

"आपल्याकडची बोडी अशीच उपसतात की!" रामदास मोठ्यानं म्हणाले. भंडारा तलावांचा जिल्हा. "अंजना, बघ, बघ तो केवढा आहे. कटला आहे कटला!"

"कटला नाही हो बाबा, कार्प," केतन म्हणाला.

"एकाच कुळातला. मला शिकवतोस का?"

अंजनाबाई शाल सावरत हसल्या. नवरा इतका खुशीत त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्यांनी धम्मपालकडे पाहिलं. "कीर्ती कधी येते? रविवारी कसली बाई शिफ्ट! पोरीला सुट्टी म्हणून नाही."

"दोनला सुटते," धम्मपाल म्हणाला. "सरळ इथंच येईल."

उर्जानं बापाकडे पाहिलं. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. आई कुठं काम करते हे तिला ठाऊक होतं, आणि ते कुणाला ठाऊक नसेल असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

* * *

आत उबदार होतं. लाकडी भिंती, जाड टेबलं, प्रत्येक खिडकीत जिरेनियमची कुंडी. भट्टीजवळच्या गोल टेबलावर गावातले पाचजण रोजच्यासारखे बसले होते. त्यांनी माना डोलावून धम्मपालला ओळख दिली. मालकीण फ्राऊ रीडल स्वतः पुढे आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, मनगटं जाडजूड. त्यांनी अंजनाबाईंचा हात दोन्ही हातांत धरून भराभर काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतेय ही बाई?"

"या म्हणतात, तुम्ही आलात, खूप आनंद झाला," केतननं सांगितलं. खरं तर फ्राऊ रीडल म्हणाल्या होत्या, कीर्ती सकाळपासून तीनदा टेबल पुसून गेली.

कार्प असा येतो हे रामदासांना माहीत नव्हतं. अर्धा मासा, डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध चिरलेला, पीठ लावून कडकडीत तळलेला. तेलात पडताच तो वाकतो, तसाच कमानीसारखा ताटलीत उभा. बाजूला बटाट्याचं सॅलड. रामदासांनी चष्मा वर केला, काटा-चमचा बाजूला ठेवला आणि पोराकडे पाहिलं.

"हातानं खाल्लं तर चालतं का रे?"

"इथं सगळे हातानंच खातात, बाबा. ते पर मोडून खायचे, पापडासारखे."

रामदासांनी पर मोडला. कुर्रकन आवाज झाला. मग पाठीचा तुकडा तोडला, काटा शोधला, सापडला नाही. पुन्हा शोधला. "काटेच लागत नाहीत! कटल्यात तर बारीक काट्यांचं जंगल असतं."

"सुरीनं आतून चिरे देतात," केतन म्हणाला. "फार जवळजवळ. दोन-दोन मिलिमीटरवर. काटे इतके बारीक कापले जातात की तळणात विरघळतात. हात बसायला वर्ष लागतं."

"तुला कसं माहीत?"

केतननं पाण्याचा ग्लास उचलला. "ऐकलंय."

मग सगळे खाण्यात गुंतले. उर्जासुद्धा डोकं खाली घालून खात होती. अंजनाबाईंनी मासा अर्धा संपवला आणि म्हणाल्या, "तिखट नाही, मसाला नाही. पण चव आहे बाप्पा. कीर्तीसाठी ठेवा म्हणावं एक."

तेवढ्यात गोल टेबलावरचा एक म्हातारा बाहेर जाताना त्यांच्यापाशी थांबला. टोपी हातात घेऊन, अंजनाबाई-रामदासांकडे मान झुकवून तो गावाच्या ठसक्यात धम्मपालला काहीतरी बोलला, ताटलीकडे बोट दाखवलं आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून गेला.

"काय म्हणाले?" रामदासांनी विचारलं.

"म्हणाले, इथला मासा फार छान असतो."

"नाइन, पापा." उर्जानं तोंड पुसलं. "श्टिम्ट निश्ट. खोटं आहे." मराठी शब्द शोधायला तिला वेळ लागला, म्हणून ती आजोबांकडे वळून सावकाश बोलू लागली. "आजोबा, तो म्हणाला, मामाचा कार्प आज परत एकदम... झुपर. मामाला सांग म्हणाला."

उर्जा आईला जर्मन पोरांसारखं मामा म्हणते, हे रामदासांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यावर घरभर हसूही झालं होतं. आता कुणी हसलं नाही. रामदासांनी माशाचा तुकडा ताटलीत ठेवला.

"म्हणजे कीर्तीचा?"

"हो," उर्जा म्हणाली. "मामा किचनमध्ये आहे ना."

केतन काही बोलायला पुढे झुकला, पण धम्मपालनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याच्या स्वतःच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आठ वर्षांच्या पोरीनं त्याला सगळ्यांदेखत दुरुस्त केलं होतं, आणि आता पुन्हा एक खोटं बोलायचं तर ते तिच्या तोंडावर बोलावं लागणार होतं.

"बाबा, कीर्ती लॅबमध्ये नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हती. ती इथं काम करते. चार वर्षं झाली. हा मासा तिनंच तळलाय. फोनवर मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. तिनं नाही, मी."

तो बाबांकडे बघून बोलला होता. राग येईल तर बाबांनाच, असं त्यानं धरलं होतं. पण आवाज आला तो आईचा.

"इथं? हॉटेलात?"

"आई, ऐक ना..."

"स्वयंपाकघरात कामाला आहे माझी सून?" अंजनाबाईंचा आवाज चढला नाही. उलट तो इतका खाली गेला की केतनला पुढे वाकावं लागलं. "अकरा वर्षं मी मंगल कार्यालयात भांडी घासली. तुझे बाबा बी.एड. करत होते, तू दोन वर्षांचा होतास, हा पोटात. लग्नाच्या पंगती उठल्या की मोठमोठाल्या कढया मागच्या ओट्यावर. पाठीवर तुला बांधून घासायची. कशासाठी घासली रे? तुम्ही शिकावं म्हणून. तुमच्या घरात येणारी पोरगी शिकलेली असावी, तिच्या हाताला कुणाची खरकटी लागू नयेत, म्हणून. अन् तुम्ही एम.एस्सी. पोरीला सातासमुद्रापार आणून त्याच ओट्यावर बसवलं?"

"आई, वहिनी भांडी घासत नाही," केतन म्हणाला.

अंजनाबाई त्याच्याकडे वळल्या. "तुलाही ठाऊक होतं?"

केतननं मान खाली घातली.

"सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हा दोघांना सोडून." त्यांनी शाल खांद्यावर घेतली आणि उठल्या. "कुठं आहे ती?"

"आई, आत जाता येत नाही तसं, परवानगी लागते..."

"उर्जा," अंजनाबाई म्हणाल्या, "चल. तुझी आई कुठं आहे, मला दाखव."

* * *

रामदास आणि दोन्ही मुलगे टेबलाशी उरले. रामदासांनी रुमालानं बोटं एकेक करून पुसली.

"शाळा सुटली तरी दर रविवारी मी विहारात पोरींचे वर्ग घेतो," ते म्हणाले. "चार वर्षं त्यांना सांगतो आहे, माझी सून जर्मनीत केमिस्ट आहे, तुम्हीही होऊ शकता. त्यातल्या दोघी या वर्षी बी.एस्सी.ला गेल्या. त्यांना मी आता काय सांगू?"

"बाबा, चूक माझी आहे."

"ते तू सांगितलंस. मी दुसरं विचारतोय. लाज कुणाची वाटली तुला? माझी की तिची?"

धम्मपालनं ताटली बाजूला सारली. ऑफिसात कुणी विचारलं, बायको काय करते, की तो 'गास्ट्रोनोमीमध्ये आहे', म्हणजे खानपानाच्या क्षेत्रात, असं म्हणायचा आणि विषय बदलायचा. तिच्या इथल्या परीक्षेच्या प्रमाणपत्र समारंभाला तो 'महत्त्वाची मीटिंग' म्हणून गेला नव्हता. त्या दिवशी मीटिंग नव्हती. एर्लांगेनच्या स्टेशनवर कॉफी पीत तो तासभर बसून राहिला होता.

"माझीच," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, मी तिला इथं आणलं आणि तिची पदवी वाया घालवली. लोक म्हणतील, नवरा इंजिनिअर अन् बायको आचारी. ती खुश होती, बाबा. रोज खुश होऊन घरी यायची. मला त्याचाच त्रास व्हायचा. तिच्या समारंभालाही मी गेलो नाही."

"कसला समारंभ?" रामदास म्हणाले.

"तिच्या शिक्षणाचा."

"बाबा, मी सांगतो," केतन मध्ये पडला. "वहिनीनं तीन वर्षांचं आउसबिल्डुंग केलंय. आचाऱ्याचं शिक्षण. आठवड्यातून दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस काम. सगळं जर्मनमध्ये. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, आणि सहा तासांत चार कोर्सचं जेवण परीक्षकांसमोर. पूर्ण जिल्ह्यात ती दुसरी आली. समारंभाला मी गेलो होतो, दादा नव्हता."

रामदास थोरल्या मुलाकडे वळले. "परीक्षा पास झालेल्या बायकोच्या समारंभाला तू गेला नाहीस?" त्यांनी विचारलं. आवाज शाळेतल्यासारखा झाला होता. "हे खोट्यापेक्षा वाईट आहे रे."

धम्मपालनं मान हलवली. वर बघणं त्याला जमलं नाही.

* * *

स्वयंपाकघराचं झुलतं दार उघडलं तेव्हा कीर्ती कढईपाशी होती. पाठ दाराकडे होती. तिनं उजव्या हातानं कार्प शेपटीला धरून पिठातून काढला, झटकला, तेलात सोडला, आणि मागे न बघता जर्मनमध्ये म्हणाली, "सात नंबरच्या टेबलाला सॅलड, अकराला दोन पूर्ण. उवे, मोठी पातेली आधी." कोपऱ्यातल्या सिंकपाशी पन्नाशीचा एक गोरा, टकला माणूस भांडी धूत होता. तो "हो, शेफिन", म्हणजे 'हो, बॉस', म्हणाला आणि पातेलं उचलून घासायला लागला.

"मामा, आजी आली," उर्जा म्हणाली.

कीर्ती वळली. आपण कसं सांगायचं, कुठलं वाक्य आधी, हे तिनं रात्रभर जुळवलं होतं. सासूबाई दारात उभ्या असलेल्या बघून त्यातलं एकही आठवेना.

"आई, थांबा, पाय घसरेल तिथं," एवढंच ती म्हणाली. "ओलं आहे."

अंजनाबाई जिथं होत्या तिथंच उभ्या राहिल्या. त्यांची नजर सिंककडे गेली होती. स्टीलचे दोन खोल हौद, वाफ, रचलेली खरकटी ताटं. मग ती हळूहळू फिरत चुलीकडे आली. सहा बर्नर, दोन कढया, दोन भट्ट्या, भिंतीवर ओळीनं सुऱ्या. त्यांच्या सुनेच्या छातीवर पांढऱ्या कोटाला निळ्या दोऱ्यानं नाव भरलं होतं. लिपी वेगळी होती, तरी नाव काय असेल हे त्यांना कळलं.

"तो का घासतो?" त्यांनी विचारलं.

"कोण? उवे? त्याचं कामच ते आहे."

"तू घासत नाहीस?"

"सुरुवातीला घासली. बटाटे सोलले, भांडी घासली. सहा महिने." कीर्तीनं कढईतला मासा उलटवला. "मग एक दिवस फ्राऊ रीडलचा आचारी आजारी पडला. मी म्हटलं, मी करून बघते. त्या म्हणाल्या, बघायचं असेल तर नीट शिक. शाळेत जा. मी गेले."

"शाळेत?"

"आई, वर्गात सगळी सोळा-सतरा वर्षांची मुलं. मी एकटीच बत्तीस वर्षांची." तिनं हात पुसले आणि थंड कपाटाच्या वरच्या भिंतीकडे मान केली. तिथं काचेच्या चौकटीत एक कागद होता, खाली शिक्का आणि दोन सह्या.

अंजनाबाई त्या चौकटीपाशी गेल्या. पाचवीनंतर त्यांची शाळा सुटली होती. पण कुठल्याही कागदावरचा शिक्का त्या नीट निरखून बघायच्या. नवऱ्याची पदवी, पोरांच्या मार्कशीट, सगळी कागदपत्रं त्यांनीच पत्र्याच्या पेटीत जपली होती. शिक्क्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"हे तुझं?"

"माझं."

"म्हणजे तू शिकलीस."

"शिकले, आई. एम.एस्सी.पेक्षा अवघड गेलं."

"अन् मला वाटलं..." अंजनाबाई थांबल्या. कीर्ती कढईपाशी होती, तेल तडतडत होतं. "आमच्या त्या कार्यालयात, कीर्ती, मला चुलीकडे जाऊ देत नव्हते. भांडी घास, अंगण धू, पण चुलीपासून दहा हात लांब. एकदा पुरी करपत होती, आचारी कुठंतरी गेला होता, मी झारा घालून काढली नुसती. ती अख्खी कढई ओतून दिली त्यांनी. माझ्यासमोर. मीच ती घासली मग."

कीर्तीनं गॅस बंद केला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. धम्मपाललाही कदाचित माहीत नव्हतं.

"म्हणून मला हॉटेल हा शब्दच नको वाटतो," अंजनाबाई म्हणाल्या. "वाटलं, तुलाही तिकडेच लावलं असेल. मागच्या ओट्याला." त्यांनी पुन्हा एकदा सगळीकडे पाहिलं. "हे एवढे लोक बाहेर बसलेत, ते तुझ्या हातचं खातात?"

"रविवारी दीडशे ताटं जातात."

"सगळ्या गावातले?"

"गावातले, आजूबाजूचे. न्यूर्नबर्गहूनही येतात."

अंजनाबाईंनी पदरानं डोळे पुसले, नाकही पुसलं. "मग चोरून काहून करतेस ग? चोरून करण्यासारखं आहे का हे?" आता त्यांचा आवाज खरंच चढला. "रोज रात्री ओल्या केसांनी यायचीस. मला वाटायचं, लॅबमध्ये औषधाचा वास लागतो म्हणून न्हाते. सर्दी होऊन मेली असतीस!"

कीर्तीला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. उवे पातेलं तसंच हातात धरून बघत राहिला. मग त्यानं स्वच्छ रुमाल काढून अंजनाबाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला.

"अजून एक आहे, आई," कीर्ती म्हणाली. "फ्राऊ रीडल जानेवारीपासून हे सगळं मला चालवायला देताहेत. राहायला वर घर आहे. उर्जाची शाळा बदलावी लागेल. यांना एर्लांगेनला रोज अर्धा तास यावं-जावं लागेल. मी अजून हो म्हटलं नाही."

"काहून?"

"सगळ्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. नाही म्हणाले असते तर नाही."

अंजनाबाईंनी तिच्या कोटाची बाही नीट केली. मग म्हणाल्या, "जेवलीस का तू?"

"रविवारी चारनंतर जेवते मी."

"आज नाही. कढई त्या टकल्याकडे दे. येतं का त्याला?"

"आई, तळण त्याचं काम..."

"मग त्या म्हातारीला बोलव. तिचं हॉटेल आहे ना अजून? अर्धा तास करेल ती."

* * *

फ्राऊ रीडलनी खरंच एप्रन बांधला. कीर्ती पांढऱ्या कोटातच टेबलाशी आली. धम्मपाल उभा राहिला. त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. हे तो कधीच करत नसे. दोघांनाही ते कळलं.

"बस," रामदास म्हणाले. त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं, जणू आजच घरात आल्यासारखं. "कीर्ती, तू दोन-दोन मिलिमीटरवर चिरे देतेस म्हणे."

"अडीचवर, बाबा. दोनवर दिले तर मांस तुटतं."

"का तुटतं?"

"स्नायूंचे पट्टे तिरपे असतात ना. त्यांची दिशा धरून..." ती बोटानं टेबलावर माशाची आकृती काढू लागली. रामदास पुढे वाकून बघू लागले. त्यांनी दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. तिसऱ्या प्रश्नाला ते म्हणाले, "हे पोरींना सांगायला हवं. अगदी असंच्या असं. लॅबचं मी मागे घेईन. चुकलो होतो म्हणेन." ते खुर्चीत मागे टेकले. "बरंच बोलावं लागेल त्या रविवारी."

"बाबा, ते मीच फोनवर सांगतो त्यांना," धम्मपाल म्हणाला. "खोटं माझं होतं." मग तो कीर्तीकडे वळला. आई-बाबा समोर होते, केतन होता, तरीही तो मराठीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तुझ्या समारंभाला मी आलो नव्हतो. मीटिंग नव्हती त्या दिवशी. मी स्टेशनवर बसलो होतो."

"माहीत आहे मला," कीर्ती म्हणाली.

"कसं?"

"खिशात कॉफीची पावती होती. धुताना सापडली."

"मग बोलली नाहीस?"

"वाट बघत होते. तुम्ही कधी बोलता याची."

केतननं छताकडे पाहिलं. उर्जा विचारत होती, पावती म्हणजे काय. धम्मपालनं टेबलावरून हात पुढे केला आणि कीर्तीच्या हातावर ठेवला. तिच्या बोटांवर तेलानं भाजल्याचे बारीक डाग होते, जुने आणि नवे. आई-बाबांसमोर त्यानं तिचा हात असा कधी धरला नव्हता.

"जानेवारीत माझी गाडी रोज अर्धा तास लवकर निघेल," तो म्हणाला. "एवढंच ना?"

"अन् रात्री दहापर्यंत मी खाली असेन. उर्जाचा अभ्यास तुम्हाला बघावा लागेल."

"गेनाऊ. बरोबर," उर्जा म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला खरं तर काही कळलं नव्हतं, पण बाजू कुणाची घ्यायची ते तिनं ठरवलं होतं.

फ्राऊ रीडलनी स्वतः ताटली आणून ठेवली. अर्धा कार्प, कमानीसारखा वाकलेला. कीर्तीनं एका नजरेत तो तपासला. एक बाजू किंचित जास्त लाल झाली होती. ती काही बोलली नाही. तिनं पर मोडला आणि तोंडात टाकला. सकाळपासून तिच्या पोटात फक्त चहा होता. दुसरा घास तिनं घाईघाईनं घेतला, तिसराही. अंजनाबाई तिच्या शेजारी खुर्ची सरकवून बसल्या होत्या आणि सॅलडची वाटी तिच्याकडे ढकलत होत्या.

गोल टेबलावरून कुणीतरी हात वर केला. "शेफिन! अजून दोन कार्प, आणि..."

कीर्तीनं घास खाली ठेवला, हात पुसला, खुर्ची मागे सरकवली. एवढ्या वर्षांची सवय होती.

अंजनाबाईंनी तिचा दंड धरला आणि तिला पुन्हा खाली बसवलं. मग त्या स्वतः उभ्या राहिल्या, गोल टेबलाकडे वळल्या. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं.

"थांबा म्हणावं त्यांना," त्या म्हणाल्या. "पोरगी जेवतेय."